पांढरं ताट आणि निळा दिवा

कावीळ झालेल्या माणसानं काय खाऊ नये हे सांगायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही. शेजारीण सांगते, एस्टीत बाजूला बसलेला माणूस सांगतो, केस कापताना न्हावी सांगतो. मला तर एकदा पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकानं, मान अजिबात न हलवता, तेल म्हणजे विष असं बजावलं होतं. मी सगळ्यांचं ऐकलं. त्याचं फळ काय मिळालं ते लिहून ठेवतोय, कारण तसलंच एखादं ताट आज कुणाच्या तरी घरात मोठ्या मायेनं वाढलं जात असेल.

फोटोवाल्याचे डोळे

मी मूळचा माधवनगरचा. वडील गिरणीत होते, थोरला भाऊही गिरणीतच चिकटला. मला मात्र यंत्रांच्या खडखडाटाचा कंटाळा. सांगलीत एका फोटोवाल्याकडे ट्रे धुता धुता काम शिकलो आणि लग्नानंतर साताऱ्याला आलो. पोवई नाक्याजवळ एका निवृत्त सुभेदारांचा स्टुडिओ होता. सुभेदार पुढं गिऱ्हाइकांच्या हनुवट्या वर-खाली करायचे आणि मी मागं डार्करूममध्ये. रंगीत फोटो तेव्हा पुण्याहून धुऊन येत, पण नोकरीच्या अर्जाचे काळे-पांढरे फोटो आम्हीच करायचो.

खोली आठ बाय सहाची. एक मंद लाल बल्ब, तीन ट्रे, एक चिमटा, फोटो वाळवायची दोरी. लाल उजेड त्या कागदाला बाधत नाही, म्हणून तेवढा चालतो. कोरा कागद औषधात सोडला की आधी कुणाची तरी मिशी वर येते, मग नाक, मग डोळे. हजार वेळा पाहिलं तरी मला त्याची मजा वाटायची. आणि अंधारात काम करणारा माणूस म्हणून थोडी गुर्मीही होती. वीज गेली की चाळीतले सगळे चाचपडायचे आणि मी सरळ उठून काडेपेटी आणायचो.

चौदा महिने

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये मला कावीळ झाली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, विश्रांती सांगितली, तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले. गोष्ट तिथंच संपायला हवी होती. पण खबर लागताच माझी आई माधवनगरहून आली आणि मला मलकापूरच्या पुढं काविळीचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेली. त्यानं माझ्या हातांना कसलासा पाला चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पितळीत पाणी हळदीसारखं पिवळं झालं. आईनं ते पाहून हात जोडले. सोबत म्हणून तिनंही तो पाला चोळून हात धुतले असते तर तिचंही पिवळंच निघालं असतं, हे आज कळतं.

त्या माणसाचं पथ्य सोपं होतं. वर्षभर तेल नाही, तूप नाही, मटण-अंडी नाही, आणि पिवळं काहीच नाही. पिवळ्यानं पिवळं वाढतं, असं त्याचं शास्त्र. आईनं त्यात स्वतःची भर घातली: पालेभाजी उष्ण, ती बंद, दूध जड, तेही बंद, ताक चालेल, पण लोणी काढलेलं.

माझी बायको शोभा हे सगळं परीक्षेच्या अभ्यासासारखं पाळायची. वरण गेलं, भोपळा गेला, गाजर, पपई गेली. आंब्याचा एक अख्खा हंगाम नाकासमोरून गेला. घरातली हळद तिनं शेजारणीला देऊन टाकली, म्हणजे चुकूनही हात जायला नको. माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, भात, मुळा, मिठात उकडलेला दुधी आणि पाण्यासारखं ताक. सगळं पांढरं. आमची सहा वर्षांची करुणा म्हणायची, बाबांचं ताट अजून रंगवायचं राहिलंय.

वर्ष संपलं तेव्हा आई म्हणाली, अजून दोन महिने, खात्रीसाठी. मीही हो म्हणालो, कारण कावीळ उलटली की माणूस जातो असं सांगणारे काही कमी नव्हते.

चालणारे लाल ठिपके

पथ्याचं वर्ष संपत आलं तेव्हा डोळ्यांचं सुरू झालं, तेही गमतीशीर. एका संध्याकाळी कोपऱ्यावर शेजारचे पवार उभे दिसले. मी म्हटलं, काय, आज लवकर सुटला? पवार बोलेनात. जवळ जाऊन पाहिलं तर रॉकेलचा पिंप होता.

मग हे रोजचंच झालं. दिवेलागणीची वेळ झाली की कुणीतरी माझ्यावर घोंगडं टाकल्यासारखं व्हायचं. लोकांना अजून सगळं दिसत असायचं आणि माझा रस्ता संपलेला असायचा. मौज म्हणजे गाड्यांचे मागचे लाल दिवे मला स्वच्छ दिसायचे, पण गाड्या दिसायच्या नाहीत. दोन दोन लाल ठिपके आपले आपण सातारा फिरायला निघालेत असं वाटायचं. मी भिंतीला धरून चालायला लागलो. भिंतीला धरून चालणाऱ्या माणसाबद्दल लोक जो निष्कर्ष काढतात तोच त्यांनी काढला. सासूबाईंनी शोभाला पत्र पाठवून विचारलं की जावई कधीपासून घ्यायला लागले.

मी सगळं हसण्यावारी नेलं. डोळ्यांचं काही नाही, अशक्तपणा आहे, म्हणायचो. पुरावा माझ्याकडे होता: डार्करूममध्ये मला पूर्वीइतकंच दिसत होतं. ज्याला त्या मिणमिणत्या उजेडात चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसतो त्याचे डोळे बिघडतील कसे?

एप्रिलच्या शेवटी करुणाला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून घरी येत होतो. सूर्य नुकताच बुडाला होता. नळासाठी रस्ता खणलेला. ती म्हणाली, बाबा, माती, आणि मी विचारलं, कुठं? तेवढ्यात आम्ही दोघं त्या चरात होतो. तिच्या हनुवटीला तीन टाके पडले. टाके घालताना ती रडली नाही, मी रडलो.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी मला डार्करूममध्ये गाठलं. मी नेहमीचाच पुरावा पुढं केला आणि लाल बल्बखाली त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पलटणीतली गोष्ट सांगितली. रात्री नकाशा बघायला त्यांच्याकडे लाल काचेची बॅटरी असायची. पांढऱ्या उजेडात नकाशा पाहिला तर नंतर कितीतरी वेळ बाहेरच्या काळोखात काही दिसत नाही. लाल उजेडात पाहिला तर अंधाराला सरावलेला डोळा मोडत नाही. त्यांच्या मते लाल उजेडात दिसणं आणि अंधारात दिसणं ही दोन वेगळी खाती होती.

"तुझं एक खातं बंद पडलंय," ते म्हणाले. "मिरजेला जा. पगार चालू राहील, जा."

नामूमामा

मी का टाळत होतो ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आईचा धाकटा भाऊ, आमचा नामूमामा, माधवनगरच्या गिरणीत मागावर होता. अठ्ठाविसाव्या वर्षी तो दुसऱ्या पाळीहून घरी येताना गटारीत पडायला लागला. पस्तिसाव्या वर्षी काम सुटलं, चाळिशीत डोळ्यांपुढं काही उरलं नाही. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की हे रक्तातनं येतं आणि याला औषध नाही. तेव्हापासून मामा अंगणात बसून खुर्च्यांना वेत विणतो.

मी चौतीस वर्षांचा होतो. मामाच्या अंगणात गेलो की माझं लक्ष त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे जायचं. तिथं आपण बसणार, असं मला वाटायचं. आणि रात्री पडल्या पडल्या दुसरा विचार यायचा, तो याहून वाईट: रक्तातनं आलेलं माझ्यापाशी थांबेल कशावरून? करुणाचं काय?

लाल दिसला, निळा नाही

मे महिन्यात करुणाला माधवनगरला आईकडे ठेवून आम्ही दोघं मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील. फार बोलायच्या नाहीत. थेंब घालून डोळ्यांत उजेड मारून झाला, तक्ता वाचून झाला. तक्ता मी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. मग त्यांनी मला, शोभाला आणि एका सिस्टरला काळे पडदे लावलेल्या खोलीत नेलं. मला माहेरी आल्यासारखंच वाटलं. ट्रे कुठं ठेवलेत, असा विनोदही करून पाहिला.

वीस मिनिटं नुसतं अंधारात बसवलं. समोर एक पेटी होती, तिच्यात बारीक दिवा आणि पुढं बदलायच्या रंगीत काचा. आधी लाल. बाई उजेड हळूहळू वाढवत होत्या. दिसला, मी म्हटलं. शोभा माझ्यानंतर म्हणाली. मी मनात तिला चिडवूनही घेतलं.

मग बाई म्हणाल्या, आता निळी काच. मी टक लावून बसलो. सिस्टर म्हणाली, हं. थोड्या वेळानं शोभाही म्हणाली, दिसला. मला वाटलं मघाचा सूड उगवतेय.

"अजून लावलाच नाही," मी म्हटलं.

"आवं, लावलाय. कवाचा लावलाय," शोभा म्हणाली. "पांढुरका उजेड हाय. लय बारीक."

मी तिला चेष्टा पुरे म्हणालो. तिनं माझा हात धरला, तर्जनी सरळ केली आणि हात समोर रोखून धरला. "बोटाच्या रेषेत बघा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. मी बोटाच्या रेषेत पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. बाई उजेड वाढवत गेल्या, आणि शोभा व सिस्टर दोघींचे चेहरे मला दिसण्याइतकी खोली उजळली तेव्हा कुठं मला तो दिवा दिसला.

बाहेर आल्यावर बाईंनी समजावलं ते मी माझ्या गिरणीच्या भाषेत सांगतो. डोळ्यात दोन पाळ्यांचे कामगार असतात. दिवसपाळीवाले रंग ओळखतात, बारीक अक्षरं वाचतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. रात्रपाळीवाल्यांना रंग कळत नाहीत, पण मिणमिणत्या उजेडातही ते काम करतात. त्यातही निळा-हिरवा उजेड त्यांना झटकन दिसतो आणि लाल मुळीच दिसत नाही. म्हणून तर दिवस मावळताना लाल फूल सगळ्यात आधी काळं पडतं आणि निळं फूल उशिरापर्यंत उठून दिसतं. शिवाय रात्रपाळीवाले डोळ्याच्या मधोमध नसतात, कडेला बसतात; म्हणून अंधारातला मंद दिवा सरळ बघण्यापेक्षा जरा बाजूला बघितल्यावर दिसतो. डार्करूमच्या लाल बल्बखाली रात्रपाळी मुळात कामावरच नसते, तिथं सगळ्यांचंच दिवसपाळीवर भागतं. माझी रात्रपाळी केव्हाच घरी बसली होती, आणि ज्या एका खोलीत ते कळणं शक्य नव्हतं त्याच खोलीत मी छाती काढून बसलो होतो.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला असं होतं का? मी मामाचं सांगितलं. शोभानं माझ्याकडे पाहिलं. मामा आंधळा आहे हे तिला ठाऊक होतं, पण त्याची सुरुवात अशी झाली होती हे नव्हतं. बाई लिहायच्या थांबल्या. मामासारख्या दुखण्यात डोळ्याच्या पडद्यावर काळे ठिपके येतात, माझ्या पडद्यावर ते नव्हते. पण सुरुवातीला कधी कधी नसतातही, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, मुलगी किती वर्षांची आहे? त्या प्रश्नानंतर मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही.

ताटाला काय झालं?

मला भरती करून घेतलं. वॉर्डात बहुतेक मोतीबिंदूचे म्हातारे, डोळ्यावर हिरवी पट्टी. पहाटे थेंब, मग चहा, मग थेंब, मग राउंड, मग पुन्हा थेंब. सगळे माझ्याकडे दयेनं बघत, कारण माझ्या डोळ्यावर पट्टी नव्हती आणि तरी मी तोंड पाडून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण आलं. वरण-भात, लाल भोपळ्याची भाजी, वर फोडणीचं तेल तरंगणारं. शोभानं झडप घालून ताट बाजूला सारलं आणि पिशवीतून मुळा आणि भाकरी काढली. सिस्टर अथणीकडची, कानडी मुलखातली. तिनं विचारलं, "ताटाला काय झालं अव्वा?"

शोभानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "त्यास्नी पिवळं चालत न्हाई. कावीळ झालती. चौदा म्हैनं झालं, पिवळ्याचा कण जाऊ दिला न्हाई म्या. तेलाचा थेंब न्हाई."

सिस्टरनं ताट तिथंच ठेवलं आणि चपला वाजवत गेली ती डॉक्टरबाईंना घेऊनच आली. बाईंनी शोभाला सगळं पुन्हा सांगायला लावलं. पालेभाजी? न्हाई. दूध? न्हाई. अंडं, काळीज? छे. आंबा? फोड सुदिक न्हाई. शोभा बक्षीस समारंभात कविता म्हणावी तशी म्हणत होती आणि बाईंचा चेहरा उजळत चालला होता. शेवटी त्या चक्क हसल्या. शोभाचा चेहरा पडलेला पाहून त्यांनी हसू आवरलं आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

रात्रपाळीच्या कामगारांना एक जीवनसत्त्व लागतं. ते असतं साईत, अंड्यात, काळजात. पालेभाज्यांत, आणि आंबा, पपई, गाजर, भोपळा असल्या पिवळ्या-केशरी गोष्टींत. आणि पोटात गेलं तरी तेलातुपाशिवाय ते अंगाला लागत नाही. म्हणजे आम्ही चौदा महिने दारं-खिडक्या बंद करून घेतल्या होत्या, वर फटीत बोळे कोंबले होते. बाईंनी स्पष्टच सांगितलं: दुखणं मामांचं असेल तर या जीवनसत्त्वाच्या औषधानं फरक पडणार नाही. ताटाचं असेल तर थोड्या दिवसांत निळा दिवा दिसेल.

त्या गेल्यावर शोभा व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मागं गेलो. तिला म्हणायचं होतं की माझ्या हातानं तुमचे डोळे गेले, पण तेवढंही तिला धड बोलता येत नव्हतं. मला तिचा राग आला नाही. खरं सांगायचं तर मी मनापासून इच्छा करत होतो की चूक तिचीच निघावी. हे बायकोला सांगावं कसं या विचारात होतो, तर तीच डोळे पुसत म्हणाली, "माझीच चूक असू दे. तुमच्या मामाचं नको."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्या दिवसाइतकं आमचं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

खोटं दिसणं, खरं दिसणं

औषध सुरू झालं आणि जेवणही. पहिल्या दिवशी मी भोपळ्याची भाजी तीनदा मागून घेतली. फोडणीचा वास कसा असतो हे मी विसरलो होतो. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, सावकाश, भोपळा कुठं पळत न्हाई. त्यांच्या लेकीनं आणलेल्या आंब्याची पहिली फोड त्यांनी मला दिली. दोन वर्षांनी खाल्लेला आंबा कसा लागतो हे मला लिहिता येणार नाही. आजोबांनी नंतर सांगितलं की मी कोय परत करायलाही तयार नव्हतो.

रोज दुपारी काळ्या खोलीत बसवायचे. औषधाच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनं विचारलं, दिसतोय का? मला राहवलं नाही. मी म्हटलं, दिसतोय की, मस्त निळा आहे.

"खरं दिसणारा निळा म्हणत न्हाई," सिस्टर म्हणाली. "राखेसारखा म्हणतो. आणि मी अजून बटनच दाबलं न्हाई."

ही बातमी माझ्याआधी वॉर्डात पोचली. संध्याकाळपर्यंत पट्टी बांधलेले म्हातारे एकमेकांना विचारत होते, काय हो, निळा दिसतोय का? मीही हसलो, पण आतून पार खचलो होतो. लबाडी करून स्वतःलाच फसवायची वेळ आली, म्हणजे आशा किती उरलीय ते कळलं होतं. तिसऱ्या दिवशी बटन दाबलं होतं आणि मला काही दिसलं नाही.

चौथ्या दिवशी मी लवकर जाऊन बसलो. सिस्टर पेटीपाशी होतीच. शोभा नळावर कपडे धूत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मध्येच वाटलं, उजव्या हाताला काहीतरी आहे. त्याच्याकडे सरळ पाहिलं तर नाही. जरा बाजूला पाहिलं तर आहे. पुन्हा सरळ, नाही. पुन्हा बाजूला, आहे. मला बोलायची भीती वाटत होती. तेवढ्यात पडदा सारून शोभा घाईघाईनं आत आली, ओल्या हातानं चाचपडत माझ्या शेजारी बसली.

मी म्हटलं, "राखेसारखं काहीतरी आहे. तिकडं, उजवीकडं."

शोभा म्हणाली, "कुठं? काही न्हाई. परत सुरू केलं का तुमी?"

अंधारातून सिस्टरचा आवाज आला, "लावलाय. एकदम बारीक लावलाय. तुमी उन्हातनं आलाय अव्वा, तुम्हाला आता न्हाई दिसणार. त्यास्नी दिसतोय."

शोभा हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. मला तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसावंसं वाटलं आणि मी बसलो. दहा मिनिटांनी तिलाही दिवा दिसायला लागला, तेव्हा आम्ही दोघं कितीतरी वेळ त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या जरा बाजूला, बघत राहिलो.

बाईंनी सुट्टी देताना दोन गोष्टी बजावल्या, त्या इथं सांगतो. संध्याकाळी दिसेनासं झालं तर अंगावर काढू नका, पडदा तपासून घ्या; सगळ्यांचं दुखणं माझ्यासारखं ताटात सापडत नाही. आणि हे औषध आपल्या मनानं घेऊ नका, जास्त झालं तर तेही बाधतं. आजाऱ्याचं पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवा. पथ्याला शेवटची तारीखही विचारून घ्या.

माधवनगर

करुणाला आणायला परस्पर माधवनगरला गेलो. आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, वाईट वाटून घेईल. तिनं पदर खोचला आणि एवढंच विचारलं, "कावीळ परत झाली का तुला?" नाही म्हटलं. "मग झालं तर," ती म्हणाली आणि कढईत दोन पळ्या तेल ओतून काळीज परतायला लागली. त्या कालवणात तिनं इतकी हळद घातली की करुणाची बोटं दोन दिवस पिवळी होती. तिची माफी म्हणायची ती हीच, हे शोभानंही ओळखलं आणि दोघींत त्यावरून कधी शब्द झाला नाही.

ऊन उतरल्यावर मी मामाकडे गेलो. मामा अंगणात खुर्ची विणत होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि कावीळ, ताट, निळा दिवा सगळं सांगितलं. तो विणत होता. मग हात थांबले.

"मंजी माझं न्हवं?" त्यानं विचारलं.

"न्हवं मामा."

"आन् पोरीचं?"

"तिचे डोळे बाईंनी पाहिले नाहीत, पण माझंच जर तुझं नसेल तर तिला कुठनं येणार?"

मामानं हातातला वेत खाली ठेवला. मग म्हणाला, "गेल्या म्हैन्यात भीमजयंतीला तू आलतास. दिवस मावळायला उंबऱ्याला ठेचाळलास. बाकीच्यास्नी वाटलं घाईत हाय. म्या वळखलं. माझं बी असंच सुरू झालतं. म्हैनाभर झोप न्हाई गड्या. माझं माझ्यापाशी ऱ्हायलं असतं तर काय बिघडलं असतं, असं व्हायचं. कुणाला बोलणार?"

मी इतके दिवस त्याच्याकडे बघायचं टाळत होतो, आणि हा माणूस माझ्या पावलांच्या आवाजावरून माझी काळजी वाहत बसला होता. मला फार लाज वाटली. ती मी त्याला सांगितलीही. तो म्हणाला, असू दे, आता बस घटकाभर.

सूर्य बुडाला होता. घरोघरी दिवे लागायला लागले. मी उठायला लागलो तसा मामानं माझा हात धरला. बाईंनी ते फुलाचं काय सांगितलं, खरंच तसं होतं का, त्यानं विचारलं. त्याला बघायला मिळालं तेव्हा त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. आता काय काय दिसतंय ते सांग म्हणाला.

मी सांगायला लागलो. दोरीवर मामीची लाल साडी आहे, ती आत्ताच काळी पडलीय. झेंडूची फुलं फिकी झालीत, पण आहेत. कडुलिंब हिरवा होता, आता नुसता ढीग दिसतोय. झेंडू गेला. मामा प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि पुढचं विचारायचा. शेवटी समोरच्या विहारावरचा निळा झेंडा तेवढा उरला.

"त्यो हाय अजून?" मामा म्हणाला.

"आहे."

आत शोभानं करुणाला हाक मारली. मामाचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. तो थोडा थांबून पुन्हा म्हणाला, "अजून?"

निळा होता की राखेसारखा ते आता सांगता येत नव्हतं. पण हलत होता, आणि मला दिसत होता.

"अजून, मामा," मी म्हटलं. "अजून."